अनुबियासवर काळी दाढी, काचेवर हिरवे ठिपके: झाडांच्या टाकीतल्या शेवाळाचं काय करावं?

कोरांटी | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार. इथे बऱ्याच जणांच्या घरी झाडांच्या टाक्या आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून लिहिते आहे.

आमची टाकी दोन फुटी आहे (२ × १ × सव्वा फूट). माती-वाळू वजा जाता पाणी साधारण ५५ लिटर. पुण्यात सिंहगड रोडला राहतो, पाणी महापालिकेचं. मागच्या ऑगस्टमध्ये लावली. खाली माती, वर वाळू. लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न, मागे वॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, थोडी रोटाला. मासे: १० निऑन टेट्रा, ५ कोरी. मागे टांगायचा फिल्टर, ३६ वॅटचा एलईडी दिवा, आणि साखर-यीस्टच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड.

डिसेंबरपर्यंत टाकी देखणी होती. मग अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे, मऊ केस आले. बोटानं ओढले तर सुटत नाहीत. आता ते लाकडावर आणि फिल्टरच्या तोंडाशीही आहेत. काचेवर कडक हिरवे ठिपकेही आलेत.

मी काय काय केलं ते सांगते. खत बंद केलं. माशांचं खाणं निम्मं केलं. शेवाळ खाईल म्हणून दुकानातून एक सकर मासा आणला. त्याच दुकानातून शेवाळ मारायचं औषध आणलं, आणि ते घातल्यावर दोन दिवसांत माझ्या सहाही कोळंब्या मेल्या. केस मात्र तसेच आहेत.

माझे सासरे रोज सकाळी ७ वाजता टाकीपुढे खुर्ची ओढून चहा आणि पेपर घेऊन बसतात. मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांचं बाहेर जाणं बंद झालंय. टाकी मुळात त्यांच्यासाठीच लावली. परवा ते म्हणाले, "पोरी, याला बुरशी आली का गं?" ते ऐकल्यापासून चैन नाही.

खडकातला_झरा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:२५

कोरांटीताई, कोळंब्यांचं वाचून वाईट वाटलं. शेवाळाच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. माशांना चालेल इतकं तांबंसुद्धा कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. उरलेलं औषध वापरू नका आणि या आठवड्यात निम्मं पाणी दोनदा बदला.

आता दोन-तीन दिवस टाकीत काहीही नवीन घालू नका, काहीही विकत आणू नका. आधी एवढं सांगा:

दिवा किती वाजता लागतो, किती वाजता बंद होतो? टाकीवर खिडकीचं ऊन येतं का? यीस्टची बाटली कुठे ठेवली आहे? रात्री हवेचा पंप चालतो का? ड्रॉप चेकर (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणारी छोटी कुपी) आहे का, आणि असला तर त्याचा रंग किती वाजता काय असतो? या शेवटच्या प्रश्नातच उत्तर असेल असा माझा अंदाज आहे.

रंकाळा_वेस | ८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

सगळं उपसा, गरम पाण्यानं धुवा, झाडं ब्लीचमध्ये बुडवा आणि नव्यानं लावा. आमच्या चुलत्यांनी तेच केलं होतं.

खडकातला_झरा | ८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

त्यानं टाकी महिनाभर स्वच्छ दिसेल. ज्या कारणानं शेवाळ आलं ते कारण घरातच राहिलं, तर तिसऱ्या महिन्यात तीच दाढी पुन्हा दिसेल. शिवाय सहा महिन्यांत रुजलेली मुळं आणि फिल्टरमधले जिवाणू दोन्ही जातील. नव्या टाकीत अमोनिया वाढतो, आणि अमोनिया व भरपूर उजेड एकत्र आले की शेवाळाचे बीजाणू उठून बसतात.

पाणवनस्पती | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. उपायाआधी ओळख पक्की करू या, कारण 'शेवाळ' या एका शब्दाखाली आपण एकमेकांशी नातं नसलेले जीव कोंबतो.

तुमची काळी दाढी मुळात *लाल* शेवाळ आहे, बहुधा ऑडुइनेला. खात्री करायची असेल तर एक झुपका काढून वाटीत सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेवा. स्पिरिटमध्ये हरितद्रव्य विरघळून जातं आणि फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य मागे राहतं. काही तासांत काळा झुपका तांबूस दिसायला लागेल. मी हा प्रयोग दरवर्षी मुलांना करून दाखवायचे आणि दरवर्षी वर्गात तसाच गलका व्हायचा.

ते बसतं कुठे? जुन्या, हळू वाढणाऱ्या पानांच्या कडांवर आणि पाणी वेगानं जिथे आदळतं तिथे. म्हणून अनुबियास, लाकूड आणि फिल्टरचं तोंड. हायग्रोफिलाची कोवळी पानं स्वच्छ असतील, बघा.

काचेवरचे कडक ठिपके हे वेगळं प्रकरण. ते हिरवं शेवाळ आहे, नखानंही निघत नाही. नव्या टाकीत पहिल्या महिन्यात जो तपकिरी, बोटानं सहज पुसला जाणारा थर येतो तो डायटमचा. त्यांचं कवच सिलिकाचं असतं आणि बहुतेक वेळा तो आपणहून जातो. निळसर-हिरवी, चादरीसारखी सोलून येणारी आणि मातकट वासाची जी गोष्ट असते ते तर शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातही तेच असतं, फक्त तिथे ते मातीतले जिवाणू बनवतात.

कोरांटी | ९ फेब्रुवारी, दुपारी १:५०

ताई, तुमचं वाचलं आणि लगेच वाटीत झुपका टाकला. खरंच तांबूस झाला! बाबांना (सासऱ्यांना) दाखवला. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. "म्हणजे बुरशी नव्हे," म्हणाले, आणि चष्मा लावून बराच वेळ बघत बसले.

झरादादा, उत्तरं. दिवा सकाळी ७ ते संध्याकाळी ५, टायमरवर, कारण बाबा सकाळी बसतात. पूर्वेची खिडकी आहे, साडेसात ते नऊ थोडी तिरीप टाकीच्या एका कोपऱ्यावर येते. यीस्टची बाटली स्टँडखाली, गॅलरीच्या दाराजवळ. रात्री ९ ते सकाळी ७ हवेचा पंप लावते, माशांना ऑक्सिजन कमी पडू नये म्हणून. ड्रॉप चेकर आहे, पण त्याचा रंग मी कधी घड्याळ लावून पाहिला नाही. बहुधा हिरवा दिसतो.

खडकातला_झरा | ९ फेब्रुवारी, दुपारी २:१०

"बहुधा हिरवा" कधी दिसतो? ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी? येत्या रविवारी दिवसभर दर तीन तासांनी रंग लिहून ठेवा, आणि प्रत्येक वेळी बाटलीतून किती सेकंदांना एक बुडबुडा येतो तेही. चेकर एक-दोन तास मागे चालतो, हे धरून चला.

कोरांटी | १५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

आज दिवसभर नोंदी केल्या. वहीत बाबांच्या हस्ताक्षरात आहेत, तेच बसले होते.

सकाळी ७: चेकर गडद निळा, ९ सेकंदांना एक बुडबुडा. १०: निळा, ७ सेकंद. दुपारी १: निळसर हिरवा, ४ सेकंद. ४: हिरवा, २ सेकंद. ५ वाजता दिवा बंद. ७: हिरवा, ३ सेकंद.

खडकातला_झरा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

बाबांना माझा नमस्कार सांगा. या पाच ओळींत सगळं आलं.

चेकरमध्ये ४ डीकेएचचं (डीकेएच हे पाण्याच्या क्षारतेचं माप) पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हे रंग बदलणारं द्रव्य असेल, तर हिरवा रंग म्हणजे लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. गडद निळा म्हणजे त्याच्या कितीतरी खाली. नुसत्या हवेशी समतोल असलेल्या पाण्यात तो लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपासच असतो.

आता तुमच्या घरातला दिवस बघा. रात्रभर हवेचा पंप पाणी ढवळतो, त्यात साठलेला वायू उडून जातो. पुण्यात या दिवसांत पहाटे बारा-तेरा अंश, आणि बाटली गॅलरीच्या दाराशी. थंडीत यीस्ट गारठतं, म्हणून ९ सेकंदांना एक बुडबुडा. नेमक्या त्याच वेळी, सकाळी ७ ला, ३६ वॅटचा दिवा लागतो आणि वर उन्हाची तिरीपही येते. झाडांपुढे ताट वाढलंय पण ताटात भात नाही. चेकर मागे चालतो हे धरलं तर दुपारी तीनच्या सुमाराला वायू पुरेसा होतो आणि पाचला दिवा बंद. दहा तासांच्या उजेडातले जेमतेम दोन तास झाडांच्या कामाचे, उरलेले आठ शेवाळाच्या कामाचे.

काळ्या दाढीला रोज असा चढउतार फार मानवतो. वायू स्थिर असेल तर थोडा कमी असूनही झाडं जुळवून घेतात. रोज शून्यावरून तीसवर आणि परत शून्यावर गेलं की जुनी पानं थकतात, आणि दाढी थकलेल्या पानावरच बसते. ती डिसेंबरातच का आली, तर थंडी तेव्हाच सुरू झाली.

म्हणून चार गोष्टी करा. दिवा दुपारी १ ते ७, सहाच तास. हवेचा पंप रात्री १० ते पहाटे ५, म्हणजे पाचपासून एकपर्यंत वायू साठेल. बाटली खोलीच्या आत, थर्माकोलच्या खोक्यात. आणि एकाऐवजी दोन बाटल्या, एक आज भरली तर दुसरी आठवड्यानं, म्हणजे एक थकते तेव्हा दुसरी भरात असते. खिडकीच्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. खतांचं नंतर बघू.

एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. दुपारी एकनंतर मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, किंवा चेकर पिवळा झाला, तर वायू जास्त झाला. लगेच हवेचा पंप लावा.

कोरांटी | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

सगळं पटलं. पण सकाळी दिवा नसेल तर बाबा अंधाऱ्या टाकीपुढे बसणार. त्यांना हे कसं सांगू?

पाणवनस्पती | १५ फेब्रुवारी, रात्री १०:३०

खोलीतला साधा दिवा टाकीच्या बाजूनं लावा. माणसाला मासे दिसतील इतका उजेड झाडांच्या वाढीच्या मानानं अगदी किरकोळ असतो. फक्त टाकीवरचा मोठा दिवा दुपारपर्यंत बंद ठेवा.

निफाडकर | १६ फेब्रुवारी, पहाटे ५:४५

राम राम. द्राक्षबाग आहे, आणि घरात तीन फुटी टाकी. कोरांटीताईंनी खत बंद केलं हे वाचून राहवलं नाही.

काचेवर कडक ठिपके म्हणजे बहुतेक वेळा फॉस्फेटची उपासमार. झाड उपाशी ठेवून शेवाळ मरत नाही. शेवाळाला लागतं किती! झाड आधी उपाशी पडतं, मग जुन्या पानांतून रस गळतो आणि शेवाळ त्यावर जगतं. कृषी महाविद्यालयात लिबिगचा नियम शिकवतात, की पीक सगळ्यात कमी असलेल्या अन्नद्रव्यावर अडतं. टाकीत उजेड वाढवला की बाकी सगळ्याची मागणी वाढते, म्हणून आधी उजेड आवरायचा आणि मग अन्न द्यायचं.

महागड्या बाटल्या घेऊ नका. कृषी सेवा केंद्रात आम्ही फवारणीला आणि ड्रिपला जे घेतो तेच चालतं: तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि झिरो-बावन्न-चौतीस म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. एका बाटलीत ५० ग्रॅम १३:०:४५ अर्धा लिटर पाण्यात, दुसऱ्या बाटलीत १० ग्रॅम ०:५२:३४ अर्धा लिटर पाण्यात. तुमच्या ५५ लिटरला पहिल्यातले १० मिली टाकले की नायट्रेट लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम वाढतं, दुसऱ्यातले ५ मिली टाकले की फॉस्फेट सव्वा मिलिग्रॅम. आठवड्यातून दोनदा द्या, आठवड्याला निम्मं पाणी बदला, म्हणजे साठून राहत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळ्या दिवशी द्या. फॉस्फेट आणि लोह एकत्र आले की साका बसतो.

एकोणीस-एकोणीस-एकोणीस चुकूनही टाकू नका. त्यात युरिया आणि अमोनियाचं नत्र असतं. बागेला अमृत, टाकीत माशांना विष आणि हिरव्या पाण्याला आमंत्रण.

रंकाळा_वेस | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:००

हे मला पटत नाही. रंकाळ्याचं पाणी हिरवंगार झालेलं आम्ही कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. सांडपाण्यातून फॉस्फेट आणि नायट्रेट आलं म्हणूनच झालं ना? मग टाकीत तेच हातानं ओतायचं?

पाणवनस्पती | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

प्रश्न अगदी योग्य आहे. तळ्याबाबत तुम्ही म्हणता ते खरं आहे.

फरक कशाचा? सांडपाण्यातून येणारं नत्र मोठ्या प्रमाणात अमोनियाच्या रूपात असतं, सोबत कुजणारा सेंद्रिय माल असतो, आणि तळ्यात मुळं धरलेली झाडं जवळपास नसतात. एकदा पाणी गढूळ झालं की तळापर्यंत उजेडच पोचत नाही, मग तळातली झाडं उगवायलाही जागा उरत नाही. याउलट झाडांनी गच्च भरलेल्या, रोज वाढणाऱ्या टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट झाडंच ओढून घेतात. अमेरिकेतले टॉम बार यांनी वर्षानुवर्षं आपल्या टाक्यांत मुद्दाम भरपूर नायट्रेट-फॉस्फेट देऊन हे दाखवलं, की झाडं निरोगी असतील आणि कार्बन डायऑक्साइड पुरेसा असेल तर केवळ या दोन क्षारांमुळे शेवाळ येत नाही.

पण ही अट विसरू नका. ज्या टाकीत चारच काड्या आहेत, तिथे हे खत देऊ नये. तिथे तुमचा रंकाळ्याचा दाखला लागू पडतो.

रंकाळा_वेस | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

आता समजलं. धन्यवाद ताई.

सागरगोटा | १६ फेब्रुवारी, रात्री ८:२०

सकर माशाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

कोरांटीताई, तो मासा काळी दाढी खाणार नाही. लहानपणी काच थोडी चाटतो, मोठा झाला की माशांच्या खाण्यावरच जगतो. तो फूट-दीड फूट वाढतो आणि तेवढीच घाण करतो. दोन फुटी टाकीत त्याला ठेवणं त्याच्यावरच अन्याय आहे. दुकानात परत द्या, किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. पण तो नदीत, तलावात, विहिरीत सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत तो पसरलाय. काठ पोखरतो, आणि अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो. मी खाडीकाठच्या गावचा, जाळं फाटलं म्हणजे काय होतं ते घरात पाहिलंय.

'अल्गी ईटर' म्हणून पिवळा, तोंडाला चोषक असलेला मासाही विकतात. तो वयात आला की इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर चोखतो. दाढी खरोखर खाणारा म्हणजे सयामी अल्गी ईटर. त्याची काळी पट्टी डोक्यापासून थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि पर पारदर्शक असतात. पण तोही पाच-सहा इंच होतो, त्याला तीन-चार फुटी टाकी हवी. तुमच्यासाठी अमानो कोळंबी उत्तम. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५), ज्यांनी झाडांच्या टाकीला बागेचं रूप दिलं, त्यांनीच तिला शेवाळासाठी वापरात आणलं. मात्र तांब्याचा अंश पाण्यातून पुरता जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच वेळा पाणी बदलेपर्यंत थांबा. काचेवरच्या ठिपक्यांना नेराइट गोगलगाय. ती काचेवर पांढरी अंडी चिकटवते, गोड्या पाण्यात ती उबत नाहीत, त्यामुळे पिल्लावळ वाढायची भीती नाही.

मुळाकाठ | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

आपल्या नद्यांतला मळ्या मासा कुणी ठेवलाय का? दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. १८३९ साली कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचं नावच शास्त्रीय नावात घेतलं, आज त्याला गारा मुल्या म्हणतात. लहानपणी ओढ्यात दगड उचलला की हाताला लागायचा.

सागरगोटा | १७ फेब्रुवारी, दुपारी १:००

फार देखणा मासा. पण वाहत्या, थंड, ऑक्सिजननं भरलेल्या पाण्यातला आहे, आणि टाकीवरून उडी मारण्यात पटाईत. निऑनच्या संथ टाकीत त्याचे हाल होतील. त्याला ओढ्यातच बघू या.

वऱ्हाडी_पाहुणा | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पुढचं आत्ताच सांगून ठेवतो, उन्हाळा तोंडावर आलाय. नागपुरात मे महिन्यात माझ्या टाकीचं पाणी ३४ अंशांवर जातं. पाणी तापलं की वायू त्यात कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला सव्वासात. आणि बाटलीतलं यीस्ट उलट जोरात धावतं. म्हणजे थंडीत जी अडचण सकाळची होती ती उन्हाळ्यात दुपारची होईल: वायू जास्त, ऑक्सिजन कमी, मासे वर.

उपाय स्वस्त आहे. टाकीचं झाकण काढा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. आमच्याकडे हवा कोरडी, म्हणून चांगलंच उतरतं. मुंबई-कोकणात दमट हवेत तेवढा गुण येत नाही. पाणी रोज कमी होईल ते भरायचं.

ऱ्हाइनकाठ | १८ फेब्रुवारी, पहाटे २:१५

जर्मनीतून वाचतेय. आधीच लागलेल्या दाढीचं काय करायचं ते राहिलंय, म्हणून लिहिते. कारण दुरुस्त झालं तरी जुने झुपके आपणहून पटकन जात नाहीत.

अर्ध्याहून जास्त माखलेली पानं देठापासून कापा, मन घट्ट करून. लाकूड अनुबियाससकट बाहेर काढा, ब्रशनं हायड्रोजन पेरॉक्साइड लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, धुवा, परत ठेवा. द्रावण ३ टक्क्यांचं हवं. भारतात औषधाच्या दुकानात बऱ्याचदा ६ टक्क्यांचं मिळतं, तेव्हा बाटलीवर वाचा आणि तसं असेल तर तेवढंच पाणी मिसळा. दोन-चार दिवसांत दाढी गुलाबी, मग पांढरी पडते.

'लिक्विड कार्बन' म्हणून जे मिळतं ते बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं. रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला तेच वापरतात. वॅलिस्नेरिया त्यानं विरघळल्यासारखी गळते. घरात आजारातून उठलेली वयस्क व्यक्ती टाकीसमोर बसते, तिथे त्याची वाफ नकोच.

कोरांटी | १ मार्च, रात्री ९:००

दोन आठवडे झाले. सगळ्यांचं ऐकलं, फक्त एकेक करून.

अनुबियासची १४ पानं कापली. हात थरथरत होता, पण कापली. पेरॉक्साइड ६ टक्क्यांचंच निघालं, तेवढंच पाणी घातलं. चौथ्या दिवशी लाकडावरची दाढी गुलाबी झाली. दुपारी एकला चेकर आता हिरवा असतो. सकर मासा हडपसरच्या एका ओळखीच्यांकडे गेला, त्यांची टाकी सहा फुटी आहे.

बाबांना सगळी नोंदवही पुन्हा दाखवून सांगितलं, की झाडांचं जेवण दुपारी एकला असतं. ते म्हणाले, "मग मी दुपारी बसतो." आता पेपर सकाळी आणि टाकी दुपारी. चहा दोन्ही वेळेला.

नवी दाढी दिसत नाही. ठिपके तसेच आहेत.

निफाडकर | २ मार्च, पहाटे ५:३०

ठिपके जुने कधीच जात नाहीत, खरवडावे लागतात. काचेवरचे जुन्या ब्लेडनं काढा आणि नवे येतात का बघा. नवे आले नाहीत म्हणजे फॉस्फेट पोचलं. एवढंच मोजायचं.

खिडकीतली_टाकी | ३ मार्च, संध्याकाळी ६:१०

धाग्यात घुसते, माफ करा. माझ्याकडे पाणवनस्पतीताईंनी सांगितलेली ती निळसर-हिरवी चादर आहे, वाळूवर आणि काचेच्या आत वाळूच्या रेषेलगत. वास अगदी मातीचा. कुणीतरी एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या टाकायला सांगितलं. टाकू का?

पाणवनस्पती | ३ मार्च, रात्री ८:४५

गोळ्या नको. ते प्रतिजैविक आहे. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही धक्का लागू शकतो, आणि तुम्ही पाणी बदलाल तेव्हा ते गटारातून पुढे जाईल. जिवाणू औषधाला निर्ढावतात ते असंच.

चादर नळीनं ओढून काढा, जितकी निघेल तितकी. मग टाकी तीन दिवस जाड चादरीनं पूर्ण झाका: दिवा नाही, खाणं नाही, डोकावणं नाही. वायूची बाटली बंद आणि हवेचा पंप सतत सुरू. चौथ्या दिवशी निम्मं पाणी बदला. आणि ती जिथे आली तिथे पाणी फिरतं का बघा. बहुधा त्या कोपऱ्यात पाणी साचून असतं आणि टाकीत नायट्रेट जवळपास शून्य असतं. निफाडकरांचं १३:०:४५ तुम्हालाही लागेल.

खिडकीतली_टाकी | १२ मार्च, सकाळी ७:५०

चादर गेली. फिल्टरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं. मासे ठणठणीत. खूप आभार, ताई.

कोरांटी | १९ एप्रिल, रात्री ८:१५

दोन महिने पूर्ण झाले म्हणून लिहिते.

खत ठरल्याप्रमाणे आठवड्यातून दोनदा. पहिल्या आठवड्यात हायग्रोफिलाची नवी पानं दुप्पट रुंद आली, हे मला अपेक्षितच नव्हतं. काच मार्चमध्ये एकदा ब्लेडनं साफ केली, त्यानंतर मोजून पाच-सहा ठिपके आलेत. दाढी आता फक्त फिल्टरच्या तोंडाशी बोटभर आहे. तिथली मी काढत नाही. बाबा म्हणाले राहू दे, एवढी आहे तोवर कळेल वाढते का कमी होते ते. चार अमानो कोळंब्या आहेत, पाच आठवडे झाले, चारही जिवंत.

उन्हाळ्याचं वऱ्हाडीदादांनी सांगितलं ते अगदी खरं ठरलं. गेल्या मंगळवारी दुपारी तीनला बाबांनी मला ऑफिसात फोन केला: "मासे वर आलेत, चेकर पिवळा आहे, मी हवेचा पंप लावलाय." मी पोचेपर्यंत मासे खाली होते. पाणी ३१ अंश. आता एकच बाटली ठेवली आहे आणि पंखा लावलाय. काढलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना जातं.

रोटाला आणि हायग्रोफिला इतकी वाढलीय की दर रविवारी कापावी लागते. टाकून द्यायला जिवावर येतं. सिंहगड रोडच्या बाजूला कुणी येणार असेल तर रविवारी सकाळी दहानंतर या, ओल्या कागदात गुंडाळून देते. दाढीचा अंश नको म्हणून प्रत्येक काडी आधी बाबा भिंगातून तपासतात, तेव्हा थोडा वेळ हाताशी ठेवून या.

मुळाकाठ | १९ एप्रिल, रात्री ८:४०

मी येतो रविवारी. हायग्रोफिला हवी आहे. बाबांसाठी ओढ्याकाठचे दोन गोटे आणतो, उकळून.